मलगोंडाण्णाचा ट्रॅक्टर आणि एक उधार धक्का

१९९६ साल. पौष सरत आला होता, अमावस्या होती. गुऱ्हाळं ऐन भरात होती आणि सकाळी घोंगडं घेतल्याशिवाय घराबाहेर पडवत नव्हतं. त्या दिवसापासून सांगतो, कारण सगळं तिथनं सुरू झालं.

गॅरेजात दोन गोष्टी न मागता साठतात. एक भंगार, दुसरे किस्से. भंगार न्यायला टेम्पो येतो. किस्से न्यायला कुणी येत नाही. ते कोपऱ्यात पडून राहतात आणि दर वर्षी वाढतात. शाहूपुरीत माझं गॅरेज होतं. ट्रॅक्टर, ऑइल इंजिन, पाण्याचे पंप, जे येईल ते. त्या गॅरेजातले निम्मे किस्से एकाच ट्रॅक्टरचे आहेत. त्या ट्रॅक्टरपायी एक उधारी माझ्या मानेवर बसली. मला कुणाचं देणं ठेवायची सवय नाही. पण ही उधारी पैशाची नव्हती, म्हणून फिटेना.

ट्रॅक्टर पेठ वडगावच्या अलीकडं एका गावातल्या मलगोंडा आण्णाचा. राखी रंगाचा, परदेशी, आण्णाच्या वडिलांनी आणलेला. पेट्रोलवर सुरू व्हायचा आणि तापला की रॉकेलवर चालायचा. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. ह्याला लागायची. चार प्लग, चार वायरी आणि ठिणगी वाटून देणारी एक काळी टोपी. एवढाच संसार, पण रोज भांडण!

आण्णाच्या मळ्यात गुऱ्हाळ होतं. ट्रॅक्टरला पट्टा लावून उसाचा चरक फिरवायचे. आण्णा उंच, किरकोळ, कमी बोलणारा. त्याची बायको गौराक्का सगळं बोलणारी. तिचा धाकटा भाऊ बसाण्णा, तिकडं कर्नाटकी सीमेवरचा. तरुणपणी कुस्त्या केलेला, मान आणि डोकं एकाच जाडीचं. त्याचं एकच म्हणणं होतं, ट्रॅक्टर भंगारात घाला आणि विजेची मोटर बसवा.

अमावस्येला आमच्याकडं गॅरेजं बंद असतात. त्या दिवशी मी बाहेरगावची कामं घ्यायचो. त्या अमावस्येला मोटरसायकलवरनं आण्णाच्या मळ्यात गेलो. ट्रॅक्टर मुका झाला होता. टोपी काढली. आतले पॉइंट, म्हणजे उघडमीट करून ठिणगी पाडणारी दोन टोकं, काळे पडले होते. घासले, फट बसवली, हँडल मारलं. एका हँडलमध्ये सुरू!

बसाण्णा म्हणाला, "आज झाला. उद्याचं काय?"

तेव्हा गौराक्कानं सगळ्यांसमोर आण घातली. "आवो, घरात ह्यो कितीबी रुसू दे, मी सोसते. पन ज्या दिवशी चार मानसांत बंद पडंल, त्या दिवशी भंगारवाल्याला बोलवनार. आईची आन!"

आण्णा ट्रॅक्टरपाशी गेला. नुसता बॉनेटवर हात फिरवत राहिला. वडिलांच्या मागं बैल विकले, जुनं घर पाडलं, पण हा ट्रॅक्टर त्यानं ठेवला होता. त्याचं काय पणाला लागलंय ते मला त्या हाताकडं बघून कळलं.

मी मात्र त्या दिवशी जोरात होतो. निघताना आण्णाला म्हणालो, "इंजिन जुनं असत न्हाय आण्णा. बघणारा कच्चा असतोय. माझी गाडी बघा, दुसरी किक कधी मागितली न्हाय."

किक मारली. गप्प. दुसरी मारली. गप्प. दहावीला बसाण्णा बाजेवर बसला, आरामात बघायला!

शेवटी आण्णा उठला. चरकावरचे दोघं आले. तिघांनी मला बसवून ओढ्यापर्यंत ढकललं, तेव्हा कुठं गाडीनं आवाज दिला.

बसाण्णा लांबनं ओरडला, "अक्का, मिस्त्रीचीच गाडी बंद पडली की!"

गौराक्का म्हणाली, "गप रं. धक्क्यानं गेली न्हवं? धक्क्यानं निघतंय त्याला बंद म्हनत न्हाईत."

आणि आण्णा, ज्यानं दिवसभरात पाच शब्द वापरले नव्हते, त्यानं गाडीजवळ येऊन सांगितलं, "मिस्त्री, एक धक्का उधार हाय तुमच्याकडं."

*

गावात बातमी पसरायला चहाचं एक दुकान पुरतं. पुढच्या खेपेला मी एस.टी.नं गेलो. स्टँडवर पानवाला म्हणाला, "मिस्त्री, आज एस.टी.? ढकलायला सोपी म्हणून व्हय?"

मी पान न घेता पुढं गेलो. त्याच्याकडनं पुन्हा कधीच घेतलं नाही.

आण्णाला म्हणालो, "मजुरी नको. हिशोब मिटला म्हणा."

"मजुरी ही घ्या," आण्णा म्हणाला. "धक्क्याला धक्काच."

"मग चला, ट्रॅक्टरला आत्ता देतो."

"आत्ता सुरू हाय की त्यो."

"बंद करा!"

"चालतंय ते बंद करू? अडचणीच्या वेळंला घीन."

असा माणूस! अडचण येऊ द्यायची नाही हे माझं काम आणि अडचण आल्याशिवाय वसुली नाही हा त्याचा हट्ट. मी माझं काम चोख करत राहिलो, तर जन्मभर देणेकरीच.

*

बसाण्णाचा आणि ट्रॅक्टरचा पहिला सामना त्याच हंगामात झाला.

मी ठिणगीची वेळ बसवत होतो. ठिणगी नेमक्या वेळेला पडली तर इंजिन पळतं. थोडी आधी पडली तर हँडल उलटं फिरतं, आणि फिरवणाऱ्याला घेऊन फिरतं. मी काळ्या टोपीखालचा डिस्ट्रिब्युटर सैल करून ठेवला होता. अजून आवळायचा होता.

बसाण्णा आला. "सरा मिस्त्री. हँडल मारायला मनगट लागतंय."

"पावणं, थांबा. अजून बसवलं न्हाय."

"बसवताय काय? देवघर हाय व्हय?"

"बरं. मग अंगठा तरी बोटांच्या बाजूला ठेवा. हँडलला मिठी मारू नका."

माणूस ऐकणारा असता तर किस्सा झाला नसता. त्यानं मांडी थोपटली, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि ताकद लावली. ट्रॅक्टर एकदाच 'फट्' म्हणाला. हँडल उलटं आलं. बसाण्णा वर गेला, गिरकी घेतली आणि चिपाडाच्या ढिगात उताणा पडला. चिपाडं होती म्हणून हाडं राहिली.

कुणी हसलं नाही. हसायची हिंमत कुणात होती?

गौराक्का स्वयंपाकघराच्या दारातनं बघत होती. म्हणाली, "बसाण्णा, पाठ टेकली रं तुझी!"

त्या दिवसानंतर बसाण्णाचं आणि ट्रॅक्टरचं वैर वैयक्तिक झालं.

*

मग एक चमत्कार सुरू झाला. महिनाभर ट्रॅक्टर नीट चालायचा, आणि अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी हमखास बंद. एकदा झालं, सोडून दिलं. दोनदा झालं. तिसऱ्यांदा आण्णा स्वतः शाहूपुरीत आला आणि शटरपाशी उभा राहिला.

"मिस्त्री, जरा येगळंच दिसतंय."

"काय येगळं?"

"बसाण्णा म्हणतोय, बाहेरचं हाय. कुणीतरी केलंय. सीमेकडं एक जाणता हाय, त्याला आणतो म्हणतोय."

मी म्हणालो, "बाहेरचं काय असतंय ते मला ठाऊक न्हाय. आतलं बघू. येत्या अमावस्येला सकाळीच येतो. मला कोपऱ्यात बसू द्या. कुणी काय बोलायचं न्हाय."

गेलो. बसलो. ट्रॅक्टर सकाळी एका हँडलला सुरू झाला. आण्णानं बंद करून अंगणात उभा केला. दुपारी गौराक्का आंघोळ करून, ताट घेऊन आली. हळद-कुंकू लावलं, ऊदबत्ती ओवाळली, हार घातला. बाई मनापासून करत होती. मग नारळ घेतला आणि इंजिनाच्या बाजूला जी लोखंडी कड येते तिच्यावर मारला. नारळ एका दणक्यात फुटला. पाणी ओघळलं ते सरळ काळ्या टोपीवर, वायरींच्या भोकांत!

मी उठलो. टोपी काढली, उलटी केली. चांगलं घोटभर तीर्थ निघालं.

"अक्का," मी म्हणालो, "हे तुम्ही कधीपासनं करताय?"

"मागल्या पौषापासनं. लई रुसत हुता न्हवं, म्हनून दर अमावस्येला करत्ये. चुकलं व्हय?"

"पूजा चुकली न्हाय. नारळ दगडावर फोडा. ह्याला नुसता दाखवा."

तिला ते पटलं. कोरड्या फडक्यानं टोपी पुसून तिनंच मला दिली आणि म्हणाली, "आत्ता कळलं. म्हंजे मागं तुमच्या गाडीचं बी त्यातच झालं म्हनायचं."

"माझ्या गाडीचं?"

"तर काय! पौषातल्या अमावस्येला तुम्ही इथं काम करत हुता. पावन्याची गाडी दारात उभी. आपल्या गाडीला नारळ आणि पावन्याच्या गाडीला न्हाय, असं कसं करायचं? तिला बी फोडला की!"

एवढे दिवस पानवाल्यापासून सगळ्या गावाचं ऐकून घेतलं ते ह्या नारळापायी! आण्णाकडं वळलो. "ऐकलंत? माझी गाडी बंद पडली न्हवती. तुमच्या घरनं बंद पाडली. उधारी माझी न्हाय."

आण्णानं शांतपणे खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. "गाडी कुणामुळं बी बंद पडू दे मिस्त्री. धक्का तर घेतला की तुम्ही?"

मी टोपी पुन्हा जागेवर बसवली.

*

गौराक्काला ट्रॅक्टरचा राग होता असं कुणी समजू नये. ती म्हणायची, "ह्या घरात मी आन ह्यो, दोघं बी रॉकेलवर. ह्यो गुऱ्हाळावर पितोय, मी इस्टोला मागत्ये. भांडान हुनारच." पण दसऱ्याला तिच्याइतकं त्याला कुणी घासत नव्हतं.

एका दसऱ्याला तिनं ठरवलं, आतूनही घासायचा. प्लगच्या चारी वायरी काढल्या. टोकांना पितळ असतं. पितळ दिसलं की बाईमाणसाला चिंच आठवते. चिंच लावून, राख लावून समयीसारखी लखलखीत केली आणि पुन्हा ओळीनं बसवली. एक, दोन, तीन, चार. शिस्तीत.

आण्णानं हँडल मारलं. मी तेव्हा तिथं नव्हतो. पण आवाज वडगावच्या बाजारात ऐकू गेला म्हणतात. मला ते खरं वाटत नाही, पण शेजारच्या म्हशीनं दोन दिवस दूध चोरलं एवढं खरं.

मी गेलो तेव्हा ती घाबरून बसली होती. तिला समोर बसवून समजावलं. "अक्का, पंगतीत वाढपी ओळीनं वाढतोय. ही टोपी ओळीनं वाढत न्हाय. आधी एक नंबरला, मग तीनला, मग चारला, आणि शेवटी दोनला. तुम्ही ओळीनं वाढलंत. ज्याची भूक न्हवती त्याच्या पानात पडलं, आणि त्यानं ताट उधळलं."

तिनं बोटांवर मोजून बघितलं. एक, तीन, चार, दोन. पुन्हा मोजलं. मग तिचा चेहराच बदलला.

"म्हंजे दोन नंबरवाला कायम शेवटाला जेवतोय?"

"व्हय."

"शेजारी बसून? त्याच्या म्होरनं सगळ्यांची पानं भरत्यात?"

"तसंच."

"मग त्यो रुसंल न्हाईतर काय करंल वो!"

त्यानंतर ट्रॅक्टर कुरकुरला की ती पहिल्यांदा दोन नंबरचा प्लग काढायची, पुसायची आणि त्याच्याशी दोन शब्द बोलायची. हसू नका. दहातल्या चार वेळा तोच प्लग काळा असायचा.

*

बसाण्णानं पाच-सहा वर्षं वाट बघितली. मग डाव टाकला. त्याच्या सासरची माणसं, तिकडची, गुऱ्हाळावर गूळ खायला घेऊन आला. आठ-दहा जण. पांढरे कपडे, पटके. ही चार माणसांपेक्षा जास्तच झाली. आल्याआल्या त्यानं सगळ्यांना बाजा टाकून दिल्या, गुळाच्या काहिलीकडं पाठ आणि ट्रॅक्टरकडं तोंड करून!

मी तिथं होतो, आण्णानंच बोलावलं होतं.

चरक चालला होता. काहिलीत रस उकळत होता. आणि ट्रॅक्टरनं एक आचका दिला. दुसरा दिला. मी आण्णाकडं बघितलं. आण्णानं चरकाचा पट्टा उतरवला आणि पाहुण्यांना सांगितलं, "चरकाला तेल घालायचंय. जरा बसा." ट्रॅक्टर मी हातानं बंद केला. लक्षात घ्या, पडला नाही. केला.

टोपी काढली. मधोमध कोळशाची एक बारीक कांडी असते, तिच्यातनं ठिणगी आत येते. ती मोडली होती. शाहूपुरीत मिळाली असती. शाहूपुरी तिथं नव्हती.

बसाण्णा मागं येऊन उभा राहिला. "एन् री मिस्त्री? काय झालं? बंद?"

"न्हाय. तेल घालतोय."

"टोपीत?"

मी म्हणालो, "करंट बघतोय. तुम्हाला बघायचाय? ही वायर धरा."

"करंट न्हाईच ह्यात," तो पाहुण्यांना ऐकू जाईल असा म्हणाला आणि वायर धरली. मी दुसऱ्या हातानं पॉइंट उघडला. एकच टिचकी. बसाण्णा मटकन खाली बसला.

"आला?" मी विचारलं.

"आला."

"मग आता तुमची बॅटरी द्या. खिशातली. आत अंधार हाय."

त्यानं मुकाट्यानं नवी कोरी बॅटरी दिली. मी मागं जाऊन तिच्यातला सेल काढला, दगडानं फोडला. सेलच्या पोटात कोळशाची दांडी असते. ती फरशीवर घासली, बारीक केली, टोपीत बसवली. आण्णानं हँडल मारलं. सुरू! पट्टा चढला. पाहुणे गरम गूळ शेंगदाण्याबरोबर खाऊन, ट्रॅक्टरचं कौतुक करून गेले. त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं बसाण्णाला विचारलं, "असा कुठं मिळतो का बघ की आपल्याला."

अंधार पडल्यावर बसाण्णानं बॅटरी पेटवली. पेटली नाही.

"मिस्त्री, माझ्या सेलाला काय झालं?"

आण्णानं चरकाकडं बोट केलं. "त्यो काय, चालतोय की."

*

मधे मी धक्का फेडायचा एक प्रयत्न केला. पन्हाळ्याला आण्णाच्या नात्यातलं लग्न होतं. वडापच्या, माणशी भाडं घेणाऱ्या जीपनं निघालो. घाटात जीप दमली. सगळे उतरले. मला वाटलं, देव पावला. आण्णा जीपमध्ये बसलाय, मी ढकलतोय. धक्का तो धक्का!

मी बाह्या सारल्या आणि मागं गेलो. बघतो तर माझ्या आधी आण्णा तिथं. पासष्टीचा माणूस, धोतर खोचून, खांदा लावून!

"तुम्ही आत बसा आण्णा!"

"न्हाय. मी आत बसलो तर तुम्ही उधारी फिटली म्हणणार. ही जीप माझी न्हाय."

दोघांनी मिळून ढकलली. तो धक्का जीपवाल्याला गेला. त्यानं भाडं पूर्ण घेतलं.

*

२००६ साली मी गॅरेज बंद करायचं ठरवलं. गुडघे गेले होते. मुलीनं पुण्याला बोलावलं होतं. ज्येष्ठात निघायचं होतं. त्याआधी आण्णाला सांगून आलो. आण्णा म्हणाला, "बेंदराला या. मग जावा."

कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेला असतो. बैल सजवतात, वाजत-गाजत वेशीवर आणतात. वेशीत आडवा दोर बांधलेला असतो, त्याला पिंपळाची पानं आणि नारळ. मानाचा बैल पळत येऊन तो दोर तोडतो. त्याला कर तोडणं म्हणतात. त्या गावात तो मान आण्णाच्या घराचा. पण आण्णाच्या गोठ्यात आता बैल नव्हता. दर वर्षी भावकीचा बैल उसना आणायचे. त्या वर्षी आण्णानं पंचांसमोर सांगितलं, "माझा बैल ट्रॅक्टर हाय. ह्योच तोडंल."

गावात दोन दिवस वाद झाला. शेवटी एका म्हाताऱ्यानं निकाल दिला. "नांगरतोय न्हवं? गाडी वढतोय न्हवं? न ऐकता मधीच बसतोय न्हवं? मग बैलच की!"

बेंदराच्या दिवशी मी सकाळीच गेलो. पॉइंट घासले, प्लग बदलले, टोपी पुसली. दोन नंबरच्या प्लगशी गौराक्का स्वतः बोलली. तिनं ट्रॅक्टरच्या दोन्ही दिव्यांना शिंगांसारखे गोंडे बांधले, बॉनेटवर झूल घातली. नारळ दगडावर फोडला. इंजिन असं वाजत होतं की मी कान लावला आणि समाधानानं बाजूला झालो. ते बंद पडायचं काही कारण नव्हतं. हे मी लिहून देतो.

वेशीवर सगळं गाव. ही चार माणसं नव्हती, चार हजार वाटत होती. कडेला एक टेम्पो उभा. टेम्पोजवळ बसाण्णा, आणि त्याच्याशेजारी तागडी घेऊन भंगारवाला!

गौराक्का म्हणाली, "ह्येला कशाला आनलंस रं?"

"अक्का, आन तू घातलीस. मी नुसती सोय केली."

आण्णा ट्रॅक्टरवर बसला. मानकरीण म्हणून गौराक्का शेजारी मडगार्डवर. हलगी घुमली. ट्रॅक्टर निघाला. वेग घेतला. मी वेशीच्या उजव्या अंगाला उभा होतो. करेपासून पंधरा-वीस हातांवर ट्रॅक्टर आला. आणि बंद.

आचका नाही, धूर नाही. बंद.

हलगी थांबली. भंगारवाल्यानं टेम्पोचं फाळकं पाडलं. बसाण्णानं छाती फुगवली. गावाकडं तोंड करून म्हणाला, "बंद पडला! चार मानसांत बंद पडला!"

गौराक्का मडगार्डवरनं कडाडली. "गप बस! धक्क्यानं निघतंय त्याला बंद म्हनत न्हाईत. दहा सालामागं सांगितलंय मी. ध्येनात न्हाय?"

आण्णा ट्रॅक्टरवरनं माझ्याकडं बघत होता. एवढ्या गर्दीत फक्त माझ्याकडं.

"मिस्त्री," तो म्हणाला, "अडचण आली."

मी पुढं गेलो. सवयीनं आधी इंजिनावर नजर टाकली. टोपी कोरडी. वायरी जागेवर. पॉइंटची वायर घट्ट. मग स्टिअरिंगखाली बघितलं. तिथं इग्निशनचं बटण असतं. ओढलं की चालू, दाबलं की बंद.

ते दाबलेलं होतं.

आण्णाचा हात तिथनं वीतभर लांब. गौराक्काचाही तेवढाच. दोघंही समोर करेकडं बघत होते, देवळात बघतात तसं.

मी बटणाला हात लावला नाही. मागं गेलो. माझ्या डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली. चार पोरं पुढं आली, त्यांना म्हणालो, "तुम्ही बाजूनं लावा. मधे मी." गुडघ्यांचं काय व्हायचं ते होऊ दे म्हटलं, आणि मागच्या सांगाड्याला खांदा लावला.

ढकललं. आधी हललाच नाही. मग हलला. चाक एक वेढा फिरलं. पुढं बटण ओढल्याचा खट्ट आवाज आला, आण्णानं क्लच सोडला आणि इंजिन एका दमात पेटलं. हलगी सुटली. ट्रॅक्टर पळत गेला आणि गोंड्यांसकट, झुलीसकट दोराला भिडला. कर तुटली. पानं उडाली. नारळ गडगडत बसाण्णाच्या पायाशी गेला. त्यानं तो उचलला. भंगारवाल्यानं फाळकं लावलं.

आण्णा वेशीपलीकडं ट्रॅक्टर वळवून परत आला. माझ्याजवळ थांबवला. खाली वाकला.

"फिटलं मिस्त्री."

मी खिशातनं टोपी काढली, झटकली, डोक्यावर घातली.